एका पत्त्याचे दोन मालक

सुदामा नगरात नेटवर्क या विषयातला माझ्याइतका जाणकार माणूस दुसरा नाही, असं मी मागच्या महिन्यापर्यंत मानत होतो. नुसतं मानत नव्हतो, विचारेल त्याला सांगतही होतो. तशी माझी नोकरी विमा कंपनीच्या पलासियातल्या ऑफिसात, दाव्यांचे कागद तपासण्याची. पण तिथला प्रिंटर अडला की सगळे "बाळकृष्णजींना बोलवा" म्हणतात. मी जातो, प्रिंटर बंद करतो, चालू करतो, आणि तो चालायला लागतो. एवढ्या एका विद्येवर मी अकरा वर्षं तंत्रज्ञ म्हणून मिरवलोय.

आता मूळ गोष्ट. आमच्या घराच्या बरोबर पाठीमागे, मधली गल्ली ओलांडली की माझ्या थोरल्या बहिणीचं, देवयानीताईचं घर. तिचे यजमान शंकरराव, म्हणजे आमचे भाऊजी, सरकारी रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं त्यांनी जुने मोडी कागद वाचले. होळकरशाहीतली कुठलीही मोडी चिठ्ठी हातात द्या, भाऊजी ती वर्तमानपत्रासारखी वाचतात. अडचण एवढीच, की निवृत्त झाल्यापासून कुणी त्यांच्या हातात ती दिली नव्हती. घरात विषय निघाला की मुलं मोबाइलमध्ये तोंड घालायची आणि ताई स्वयंपाकघरात जायची.

आणि अचानक बडोद्याच्या एका मराठी मंडळाचं पत्र आलं. मोडी वाचनावर ऑनलाइन व्याख्यान द्या, रविवारी सकाळी अकरा वाजता. चौसष्ट लोकांनी नावं नोंदवली होती. भाऊजींनी ती यादी छापून घेतली आणि टेबलाच्या काचेखाली ठेवली. ताईला ते व्याख्यान चार वेळा ऐकावं लागलं. चौथ्यांदा ती म्हणे मध्येच त्यांची चूक काढायला लागली होती.

गुरुवारी ड्रेनेजवाल्यांनी ताईचा रस्ता खोदला, आणि पाइपाबरोबर इंटरनेटची वायरही उपटून काढली. कंपनीने सांगितलं, आठ दिवस लागतील. मोबाइलच्या नेटचं म्हणाल तर त्यांच्या घरात ते फक्त मोरीच्या खिडकीत येतं, तेही माणूस स्टुलावर उभा असेल तर.

भाऊजींनी यादी काचेखालून काढली आणि तिची घडी घातली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "भाऊजी, मी बसलोय ना. माझ्या घरचं नेट हवेतून तुमच्या घरी आणून देतो. तुम्ही फक्त कुर्त्याला इस्त्री करा."

शुक्रवारी जेल रोडवरून दोन पांढरे डबे आणले. एक आमच्या गच्चीवर लावायचा, एक ताईच्या. दोघांनी एकमेकांकडे तोंड केलं की मध्ये वायर नसताना इकडचं नेट तिकडे. याला वायरलेस ब्रिज म्हणतात. दुकानदार म्हणाला, "भिया, पाच किलोमीटर तक फेकेगा, टेन्शन नी लेने का." आमच्या दोन गच्च्यांमधलं अंतर वीसेक पावलं असेल. मला वाटलं, मग तर हे नेट ताईच्या घरात धो धो कोसळेल.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी कपडे वाळत घालायच्या खांबाला डबा बांधला. पलीकडच्या गच्चीवर ताईने दुसरा डबा टाकीच्या नळाला बांधला. दोन्हीवर हिरवे दिवे लागले. मी इकडून हात हलवला, तिने तिकडून हलवला. त्या घटकेला मला उपग्रह सोडल्यासारखं वाटत होतं.

डब्यातून निघालेली वायर मी ताईच्या घरातल्या जुन्या राउटरमध्ये खोचली. हेतू हा, की नेट नुसतं टेबलापाशी नको, सगळ्या घरात वाय-फायने फिरावं. भाऊजींच्या लॅपटॉपवर नेट आलं. त्यांनी बडोद्याचं हवामान उघडून पाहिलं. भाऊजींनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

हे सुख चार मिनिटं टिकलं. मग नेट गेलं. मी राउटर बंद केला, चालू केला. नेट आलं, पण आता भाऊजींच्या लॅपटॉपवर नाही, ताईच्या मोबाइलवर. पुन्हा बंद, पुन्हा चालू. आता लॅपटॉपवर आलं आणि मोबाइलवरून गेलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. माझी मुलगी वल्लरी. ती घरून नोकरी करते. शनिवारी सकाळीच तिची मोठ्या साहेबांबरोबर मीटिंग होती, आणि ती अर्ध्या वाक्यात बाहेर फेकली गेली होती. "बाबा, तुम्ही काय केलंत?" तिने विचारलं. काही केलं का, असं नाही विचारलं. काय केलंत.

म्हणजे नेट ताईच्या घरी धड पोचलं नव्हतंच, आमच्या घरचंही गेलं होतं. टीव्ही बंद, शालिनीची, म्हणजे माझ्या पत्नीची, मालिका बंद. वल्लरी लॅपटॉप बगलेत मारून मैत्रिणीकडे पलासियाला निघून गेली. जाताना गेट तिने जरा जोरातच लावलं.

दुपारी भाऊजींच्या लॅपटॉपवर एक पाटी आली. तिचा अर्थ असा, की तुमचा पत्ता या नेटवर्कवर दुसऱ्या कुणाकडे तरी आहे. ताईने विचारलं, हे काय. मी तिला समजावलं. नेटवर्कमध्ये प्रत्येक मोबाइलला, लॅपटॉपला, टीव्हीला एक नंबर मिळतो, तोच त्याचा पत्ता. राउटर हा नंबर वाटणारा बाबू. हा नंबर नसला तर नेट कुणाकडे जायचं ते त्या बिचाऱ्याला कळत नाही. आणि एकच नंबर दोघांना मिळाला, की भांडण.

"म्हणजे आपला पत्ता दुसऱ्याला दिला?" ताई म्हणाली.

"हो, तसंच."

"अन् कुणाला दिला?"

"तेच शोधतोय."

हा संवाद एवढाच झाला, आणि तो झाला गल्लीकडच्या खिडकीत. खिडकीखाली मीराबाई कढीपत्ता तोडत होत्या. मीराबाई आमच्या कॉलनीतल्या सगळ्यांत जुन्या. त्यांच्या खापरपणजोबांना होळकर दरबाराने जहागीर दिली होती, असं त्या आम्हाला गेली तीस वर्षं सांगत आल्या आहेत. त्यांनी ताईला विचारलं, काय झालं ग? ताई वैतागलेली होती. ती म्हणाली, काही नाही हो, आमचा पत्ता म्हणे दुसऱ्याच कुणाला देऊन टाकलाय, बाळकृष्ण शोधतोय कुणाला ते.

मीराबाई कढीपत्ता तिथेच टाकून गेल्या, हे मला फार नंतर कळलं.

मी आपला माझ्या शोधात. शनिवारची संध्याकाळ दोन्ही घरांतली यंत्रं बंद-चालू करण्यात गेली. रविवारी सकाळी सात वाजता मला उपाय सुचला. हे बाबू लोक नंबर नीट वाटत नाहीत ना, तर मीच वाटतो. प्रत्येक यंत्राला हाताने कायमचा नंबर देऊन टाकायचा. मी एक जाड वही घेतली, कानाला पेन लावलं आणि दोन्ही घरांतल्या वस्तू मोजायला निघालो. मोबाइल सहा, लॅपटॉप तीन, टीव्ही दोन, आणि ताईच्या अंगणातला तो कॅमेरा, जो फक्त मांजरं टिपतो. कॅमेरा भिंतीवर उंच होता, म्हणून मी स्टुलावर चढून त्याच्यावरचा नंबर वहीत उतरवून घेतला. मग गच्चीवर जाऊन डब्याचा. मग परत खाली. गल्लीतून असा मी चार-पाच वेळा गेलो-आलो असेन. पुष्कळ लोक गेटापाशी उभे राहून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, कौतुकाने.

साडेनऊपर्यंत सगळ्यांना नंबर देऊन झाले. आणि नेट पूर्ण गेलं. आधी निदान कुणा एकाला तरी मिळत होतं, आता कुणालाच नाही. मी खरोखर समान वाटप केलं होतं.

भाऊजी इस्त्रीचा कुर्ता घालून, पाण्याचा पेला शेजारी ठेवून टेबलाशी बसले होते. ते मला काही म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त घड्याळ बघायचे आणि मग घड्याळ बघितलं म्हणून ओशाळायचे. म्हणाले, "होतं असं. त्यांना कळवून टाकू का? पुढे कधीतरी ठेवतील." पण आवाजावरून कळत होतं, की पुन्हा कुणी बोलावेल असं त्यांना वाटत नव्हतं. मी वही उघडून पुन्हा पहिल्या नंबरापासून तपासायला लागलो.

सव्वादहाला बेल वाजली. दारात मीराबाई, हातात कापडात बांधलेली फाइल. त्यांच्या मागे कॉलनीतली वीस-बावीस माणसं. कुणाकडे प्लॅस्टिकची पिशवी, कुणाकडे ब्रीफकेस, एका आजोबांनी तर पत्र्याची पेटीच आणली होती. मला बघताच सगळे एकदम बोलायला लागले. बऱ्याच वेळाने मला त्यातून अर्थ लागला, तो असा. रस्ता रुंद होणार आहे. त्यासाठी या ओळीतल्या घरांचे पत्ते रद्द करून दुसऱ्याच लोकांच्या नावावर केले आहेत. शंकररावांचं घर गेलं. आज सकाळपासून वही घेतलेला माणूस घरांवर चढून नंबर उतरवून घेतोय. आणि तो माणूस, सगळ्यांत वाईट म्हणजे, शंकररावांचा सख्खा मेहुणा आहे. लोक आपापल्या घरांच्या रजिस्ट्रीचे, म्हणजे खरेदीखताचे, कागद घेऊन आले होते.

"आपलाच माणूस निघाला, भिया," पेटीवाले आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले.

मी घसा फाडून सांगितलं, की हा पत्ता घराचा नाही, मोबाइलचा आहे. कुणाचाही विश्वास बसला नाही. मोबाइलला कसला पत्ता? तो तर खिशात असतो. मी पुन्हा ते बाबूचं उदाहरण दिलं. बाबू म्हटल्यावर तर लोक आणखी भडकले. कुठला बाबू? महापालिकेच्या कुठल्या झोनचा? नाव सांगा.

त्या गर्दीत पुढेच एक पन्नाशीच्या बाई उभ्या होत्या. या धम्मदीना मॅडम. गेल्या वर्षी कोपऱ्यावरचं घर त्यांनी घेतलं, एवढंच मला माहीत होतं. त्यांच्याही हातात रजिस्ट्रीची फाइल होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "जरा नीट सांगता? कुठला पत्ता, कोण देतं?"

ऐकायला कुणीतरी मिळालं म्हणून मी हरखलो. त्यांना अगदी पहिलीपासून सुरुवात केली. म्हटलं, मॅडम, हे टेक्निकल आहे, पण सोपं करून सांगतो. राउटर म्हणजे काय, नंबर म्हणजे काय, ब्रिज म्हणजे पूल, हवेतला पूल. मी हाताने पूलही करून दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पलीकडच्या घरात वायर कशात लावलीय?"

"जुन्या राउटरमध्ये."

"त्याचं वाटप बंद केलंत?"

"कसलं वाटप?"

त्यांनी हातातली फाइल माझ्याकडे दिली आणि भाऊजींच्या टेबलाशी जाऊन बसल्या. राउटर उलटा करून खालच्या चिठ्ठीवरचा पासवर्ड वाचला आणि लॅपटॉपवर कुठलंसं पान उघडलं. माझ्याकडे न बघता त्या सांगत होत्या, की तुम्ही पूल बांधलात आणि दोन घरांचं एक घर केलंत. पण एका घरात आता दोन बाबू झाले. दोघांच्याही हातात तीच यादी. हा दहा नंबर एकाला देतो, तो तोच दहा नंबर दुसऱ्याला देतो. त्यातून जुन्या राउटरची वायर तर तुटलेली. त्याच्या हातून ज्याला नंबर मिळाला, तो तुटलेल्या वायरीच्या दाराशी जाऊन उभा राहतो. आणि दोन्ही राउटर एकाच कंपनीचे, म्हणून दोघंही स्वतःला एक नंबर म्हणवतात. मग हाताने नंबर देऊन काय होणार?

"याला दोन नंबर करते आणि त्याचं वाटप बंद करते," त्या म्हणाल्या. "वाटायचं काम फक्त तुमच्या घरच्या राउटरने करायचं. आणि तुम्ही वहीत लिहून दिलेले सगळे नंबर काढून टाका. सगळे."

मी वही घेऊन पुन्हा धावलो. या वेळी पेटीवाल्या आजोबांनी दोन माणसं माझ्यावर नजर ठेवायला बरोबर दिली.

दहा पन्नासला दोन्ही घरांत नेट आलं. लॅपटॉपवर आलं, मोबाइलवर आलं, आमच्या टीव्हीवर आलं. मांजरवाला कॅमेरासुद्धा जागा झाला. मी मॅडमना विचारलं, तुम्हाला हे कसं येतं? ताई मागून म्हणाली, अरे, भंवरकुआंजवळच्या त्या मोठ्या कॉलेजचं सगळं नेटवर्क यांच्याकडे आहे, साडेतीन हजार कॉम्प्युटर. मॅडम म्हणाल्या, वडील महूला लष्कराच्या सिग्नल्समध्ये होते, घरात लहानपणापासून तारांचंच वातावरण. आणि मग, अगदी साधेपणाने, "पुलाचं मात्र तुम्ही छान समजावलंत."

मी त्यांची फाइल त्यांना परत दिली. अजून माझ्याच हातात होती.

आता लोकांना घरी जा म्हणायचं, तर अकरा वाजलेले. भाऊजी म्हणाले, बसू द्या. मग वीस-बावीस माणसं आपापल्या रजिस्ट्र्या मांडीवर घेऊन खाली सतरंजीवर बसली. पडद्यावर बडोद्याचे चौसष्ट चेहरे. भाऊजींनी पाणी प्यायलं आणि बोलायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं आवाज कापत होता. तिसऱ्यापासून मला माझे भाऊजी ओळखूच येईनात. हातवारे काय, विनोद काय! मोडीतली एक मात्रा चुकली तर गावाचा गोवा कसा होतो, हे त्यांनी असं सांगितलं, की बडोदा हसलं आणि सुदामा नगरही हसलं. ताई दाराला टेकून उभी होती. तिचे ओठ हलत होते, तिला पुढचं वाक्य पाठ होतं ना.

शेवटी बडोद्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, पूर्वी न पाहिलेला कागद तुम्ही असाच वाचू शकाल का? भाऊजी म्हणाले, हो, पण माझ्याजवळचे तर सगळे पाहिलेले आहेत.

"हा घ्या," मीराबाई म्हणाल्या.

कापडाची गाठ सोडून त्यांनी एक पिवळा कागद काढला. त्यांची जहागीर. घराचा पत्ता गेला तर निदान ही दाखवू, म्हणून त्या घेऊन आल्या होत्या. चार पिढ्यांनी तो कागद दसऱ्याला पुजला होता. वाचला कुणीच नव्हता, कारण कुणाला मोडी येत नव्हती.

भाऊजींनी तो कॅमेऱ्यासमोर धरला, मग डोळ्यांजवळ आणला. पहिल्या ओळीला ते खुलले. दुसऱ्या ओळीला त्यांनी कागद खाली घेतला. मग चष्म्यावरून मीराबाईंकडे बघून हळूच म्हणाले, "मोठ्याने वाचू?"

"वाचा की. ऐकू दे बडोद्याला."

भाऊजींनी वाचलं. "हत्तीखान्याकडील कारकून यांनी सरकारचा हत्ती परवानगीवाचून कन्येचे लग्नात व्याह्यांचे घरी नेला, तेथे दोन रोज ठेविला, सबब सक्त ताकीद दिली असे. फिरोन ऐसे न करणे."

पडद्यावरचे चौसष्ट चेहरे थिजले होते. मला वाटलं, नेट पुन्हा गेलं.

मीराबाईंनी तो कागद परत हातात घेतला. मग त्यांनी विचारलं, "व्याह्यांकडे नेला?"

"हो."

"दोन दिवस?"

"दोन दिवस."

मीराबाई ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि सगळ्या खोलीकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत? आमच्या घरच्या लग्नात हत्ती होता."

बडोद्याने टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे पेटीवाल्या आजोबांनी पेटी वाजवली. मंडळाच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की आता दर महिन्याला शंकररावांचं एक व्याख्यान होणार. जाताना चार माणसं भाऊजींना सांगून गेली, की आमच्याकडेही असे कागद आहेत, घेऊन येतो. भाऊजींनी यादीची घडी उलगडून तिच्या मागच्या बाजूला त्यांची नावं लिहून घेतली.

दुपारी सगळे आमच्या घरी जेवायला बसलो. वल्लरीही परत आली होती. तिचे साहेब रागावले नव्हते, उलट मीटिंग लवकर संपली म्हणून खूश होते. सगळं इतकं गोड झालं होतं, की मी हळूहळू पुन्हा फुगायला लागलो. म्हटलं, थोडी गडबड झाली खरी, पण ब्रिज काही कुणी सोम्यागोम्या लावू शकत नाही.

भाऊजींनी पोळीचा घास मोडला. "एक विचारू का, बाळकृष्ण? हे डबे लावायच्या आधी तुझ्याकडचं नेट व्यवस्थित होतं ना?"

"एकदम व्यवस्थित. एकदाही गेलं नाही."

"नाही, मी आपलं विचार करत होतो. तो लॅपटॉप उचलून मीच इथे येऊन बसलो असतो तर?"

शालिनीने भाऊजींच्या ताटात वरण वाढलं आणि म्हणाली, "मी तर शुक्रवारीच पुढची खोली आवरून ठेवली होती. टेबलावर नवीन कापड घातलं, पंखा पुसला. मला वाटलं, भाऊजी इथेच येणार. मग हे सकाळी खांबाला डबा बांधायला लागले, तेव्हा म्हटलं, असेल काहीतरी टेक्निकल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ताट बाजूला केलं, हात धुतले आणि गच्चीवर गेलो. डबा नीट बसलाय की नाही, ते बघायला.